आडनाव डच वाटतंय? पूर्वज शोधायची नीट पद्धत, आणि लोक हमखास कुठे घसरतात

आजीचं माहेरचं आडनाव व्हॅन-अमुकतमुक होतं, किंवा पणजोबांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर जान्स, अँथोनिस असलं काहीतरी लिहिलंय. मग माणूस काय करतो, तर रात्री बसून ते आडनाव सर्चमध्ये टाकतो, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या खलाशांच्या यादीत त्याच आडनावाचा एक गडी सापडतो, सतराशे चाळीस-पन्नासच्या सुमाराला हॉलंडहून निघालेला, आणि दुसऱ्या दिवशी फॅमिली ग्रुपवर मेसेज पडतो की आपला मूळपुरुष सापडला. त्या खलाशाच्या आणि पणजोबांच्या मधल्या पाच-सहा पिढ्या रिकाम्या आहेत याचं कुणालाच काही नाही, वर चार जण हार्ट टाकून मोकळे.

हे उलट्या टोकाने सुरू केलेलं काम आहे. आडनाव म्हणजे पुरावा नव्हे, ते फक्त एवढंच सांगतं की कुठल्या गावाच्या कुठल्या दप्तरात शिरून बघायला हरकत नाही. बाकी सगळं कागदावर करायचं, आजपासून मागे, एकेक पिढी करत. म्हणून खाली टप्प्यांचा क्रम दिलाय आणि तो बदलू नका, विशेषतः सहावा (जहाजांच्या यादीचा) टप्पा आधी करायचा मोह सगळ्यांनाच होतो.

एक गोष्ट आधीच. हे मुख्यतः श्रीलंका आणि कोचीन इथल्या घराण्यांसाठी आहे, कारण तिथे डच लोक शंभर-सव्वाशे वर्षं किंवा जास्त राहिले, लग्नं केली, मुलंबाळं झाली. त्या घरांच्या फांद्या पुढे चेन्नई, बंगळूर, मुंबई, रेल्वे कॉलन्या, आणि श्रीलंका स्वतंत्र झाल्यावर मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलिया अशा पसरल्या. आपल्याकडे वेंगुर्ल्याला १६३७ पासून डच वखार होती, तिचे अवशेष अजून उभे आहेत, पण वखार म्हणजे मोजकी माणसं, गोदाम आणि पोर्तुगीजांवर नजर ठेवायचं ठाणं. तिथून डच वस्ती वाढली असं काही झालं नाही. त्यामुळे "आमचं मूळ गाव वेंगुर्ल्याजवळ आणि घरात सगळ्यांचे डोळे घारे" एवढ्यावर डच पूर्वज निघत नाही. घारे डोळे कोकणात हवे तेवढे आहेत.

टप्पा १: घरातले कागद आणि घरातली माणसं

इंटरनेट बंद ठेवून करायचं काम. एक वही किंवा एक्सेल शीट घ्या आणि प्रत्येक माणसासाठी पाच रकाने करा: पूर्ण नाव (कागदावर जसं लिहिलंय तसं, सुधारून नाही), जन्म-लग्न-मृत्यूचं वर्ष, गाव, चर्च किंवा पंथ, आणि ही माहिती कुठून मिळाली. पाचवा रकाना लोक सोडतात आणि सहा महिन्यांनी हे १८६२ साल कुणी सांगितलं होतं ते कुणालाच आठवत नाही.

कागद कुठले शोधायचे? बाप्तिस्म्याचे आणि लग्नाचे दाखले तर आलेच, पण रेल्वे, पोस्ट, कस्टम्स किंवा बंदरातल्या नोकरीची सर्व्हिस बुक, शाळा सोडल्याचे दाखले, पेन्शनची पत्रं, थडग्यांचे फोटो, आणि जुनं फॅमिली बायबल असेल तर त्याची पहिली आणि शेवटची कोरी पानं, तिथे जन्म-मृत्यू टिपून ठेवायची पद्धत होती. बायबलमधल्या नोंदी बघताना शाई आणि अक्षर बघा. सगळ्या नोंदी एकाच हातच्या, एकाच शाईत असतील तर त्या कुणीतरी नंतर एका बैठकीत आठवून लिहिल्यात, घटना घडली तेव्हा नाही, म्हणजे जुन्या तारखा चुकायची शक्यता जास्त.

म्हाताऱ्या माणसांना "आपण डच आहोत का?" असं विचारायचं नाही. उत्तर हो येणार, कारण ते ऐकायला छान वाटतं. त्याऐवजी असं विचारा की आजोबांना कुठे पुरलं, त्यांची आई कुठल्या गावची, तिचं माहेरचं नाव काय, घरी प्रार्थना कुठल्या भाषेत व्हायची, लग्न कॅथलिक चर्चमध्ये झालं की प्रोटेस्टंट. पंथाचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे कारण डच कंपनीचं चर्च रिफॉर्म्ड म्हणजे डच प्रोटेस्टंट होतं, इंग्रज आल्यावर त्यातली बरीच घरं अँग्लिकन म्हणजे इंग्रजांच्या चर्चची झाली, काही कॅथलिक झाली, आणि ज्या चर्चमध्ये ती गेली त्या चर्चच्या वहीत पुढचा कागद असतो.

सावधान: फक्त बापाच्या बाजूने जाऊ नका. डच आडनाव आजीच्या आईकडून आलेलं असेल तर तुमच्या आडनावाचा शोध घेऊन काहीच सापडणार नाही. प्रत्येक बाईचं माहेरचं आडनाव मिळेपर्यंत तो रकाना रिकामा समजा, सासरचं आडनाव लिहून भरू नका.

पुढे जायच्या आधी बघा: १९०० च्या आधीचा निदान एक कागद हातात आहे का, ज्यावर गाव, साल आणि चर्च तिन्ही आहेत? नसेल तर पहिला टप्पा संपलेला नाही.

टप्पा २: आडनावाची छाननी

इथे निकाल लावायचा नाही, फक्त आडनाव कुठल्या गठ्ठ्यात बसतं ते बघायचं.

सगळ्यात आधी पोर्तुगीज गठ्ठा बाजूला काढा. परेरा, डिसिल्वा, फर्नांडिस, रोझारियो, डिसूझा, कोरिया. गोवा, वसई, मंगळूर, कोचीन, श्रीलंका सगळीकडे ही आडनावं आहेत आणि बहुतेक ठिकाणी ती बाप्तिस्म्याबरोबर मिळालेली आहेत, रक्ताबरोबर नाही. गोव्यातल्या किंवा वसईतल्या माणसाला हे समजावायला लागत नाही, पण तेच लोक डच आडनाव दिसलं की हा नियम विसरतात! डच काळातही लोकांनी बाप्तिस्मा घेतला, नावं घेतली, धन्याची नावं चिकटली, दत्तक गेले. जो न्याय डिसूझाला तोच यांना.

मग 'डि' आणि 'डे' चा घोळ. पोर्तुगीज 'दे' म्हणजे 'चा', डच 'दे' म्हणजे इंग्रजीतला 'द'. दे व्होस म्हणजे कोल्हा, दे विट म्हणजे गोरा, दे बूर म्हणजे शेतकरी, ही डच. दे सिल्वा, दे मेलो ही पोर्तुगीज. नुसता 'डे' बघून काही ठरत नाही, पुढचा शब्द बघायचा.

बापाच्या नावावरून आलेली आडनावं हा तिसरा गठ्ठा. जान्स, पीटर्स, हेंड्रिक्स, अँथोनिस, बार्थोलोम्यूस. श्रीलंकेत यांचं स्पेलिंग शेवटी एस-झेड असं असतं, तो 'चा मुलगा' या डच शब्दाचा तुकडा आहे. म्हणजे जान्स हा यानचा मुलगा, आणि यान नावाचे लोक तिकडे आपल्याकडच्या गणपत-तुकारामइतके. नेदरलँड्समध्ये नेपोलियनच्या हुकमाने १८११ मध्ये सगळ्यांना पक्कं आडनाव नोंदवायला लागलं, त्याआधी बऱ्याच घरात दर पिढीला हे नाव बदलायचं. तेव्हा जान्स नावाची दोन घराणी एकमेकांची कुणी लागतीलच असं नाही, आणि तुमच्या मूळपुरुषाच्या बापाचं आडनाव वेगळंच असू शकतं. अशा आडनावावर सर्च करणं म्हणजे वेळ घालवणं, गाव आणि साल हाताशी असल्याशिवाय करू नका.

'व्हान' वाली आडनावं लोकांना सगळ्यात भारी वाटतात. व्हान लांगेनबर्ग, व्हान कॉयलेनबर्ग, व्हान डोर्ट, व्हान गायझल अशी श्रीलंकेत आहेत. व्हान म्हणजे अमुक ठिकाणचा. पण हे ठिकाण युरोपातलंच पाहिजे असा काही नियम नाही! डच कंपनीने भारतातून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या नावापुढेही हेच लागायचं: व्हान बेंगाले म्हणजे बंगालचा, व्हान मलबार, व्हान दे कुस्त म्हणजे कोरोमंडल किनाऱ्याचा. केप टाउनच्या दप्तरात अशी नावं ढिगाने आहेत. अँजेला व्हान बेंगाले नावाची बाई १६५७ मध्ये गुलाम म्हणून केपला आली, १६६६ मध्ये मोकळी झाली, १६६९ मध्ये बासोन नावाच्या युरोपियन माणसाशी लग्न केलं, आणि दक्षिण आफ्रिकेतलं आजचं बासोन घराणं तिला मूळ आई मानतं. तेव्हा जुन्या कागदात 'व्हान मलबार' दिसलं तर ती बाई किंवा तो माणूस डच नाही, आपल्याच किनाऱ्यावरून नेलेला आहे. हे कळल्यावर काही जण तो कागद बाजूला ठेवून देतात. मला तर खलाशापेक्षा हा शोध जास्त मोलाचा वाटतो.

चौथा गठ्ठा म्हणजे डच चाकरीतले पण डच नसलेले. अठराव्या शतकात कंपनीच्या सैन्यात जर्मन मुलखातले लोक प्रचंड होते, शिवाय स्कँडिनेव्हियन, फ्रेंच प्रोटेस्टंट, स्विस. कोख, एबर्ट, वेंट, आर्न्ट ही जर्मन वळणाची, तुसां आणि ब्रोहियर ही फ्रेंच वळणाची, आणि सगळी श्रीलंकेत 'डच बर्गर' (तिथला युरोपियन वंशाचा समाज) म्हणून ओळखली जातात. आणि ओंडाटजे? दिसायला पक्कं डच, स्पेलिंगसुद्धा तसंच, पण घराण्याच्या वंशावळीत मूळपुरुष १६५९ मध्ये तंजावरहून कोलंबोत आलेला वैद्य म्हणून नोंदलाय, म्हणजे आपले व्यंकोजीराजे तंजावरात पोचायच्याही आधीची गोष्ट.

शेवटचा गठ्ठा इंग्रजाळलेल्यांचा. इंग्रज आल्यावर स्मिट चा स्मिथ, कॉयपर चा कूपर, दे विट चा व्हाइट होऊ शकतो. उलटही: एखादा खराखुरा इंग्रज स्मिथ असतोच की. म्हणून तुमच्या आडनावाची सात-आठ स्पेलिंगं एका कागदावर आधीच लिहून ठेवा. सी आणि के, वाय आणि आय-जे, एस आणि झेड, एफ आणि व्ही, यू-वाय आणि यू-आय अशी अदलाबदल करून बघा, व्हान जोडून आणि तोडून दोन्ही. नेदरलँड्सच्या आडनावांचा एक मोफत ऑनलाइन डेटाबेस आहे, फामिलीनामेनबांक, त्यात आडनाव टाकलं की ते २००७ साली देशाच्या कुठल्या भागात किती लोकांचं होतं ते नकाशावर दिसतं. तिथे आडनाव सापडलं नाही म्हणून नाउमेद होऊ नका आणि सापडलं म्हणून नाचू पण नका.

टप्पा ३: तुमचं घराणं कुठल्या किनाऱ्याचं ते ठरवा

प्रत्येक ठिकाणचं दप्तर वेगळ्या शहरात पडलंय, त्यामुळे हे ठरल्याशिवाय पुढे जाऊन उपयोग नाही. ढोबळ तारखा अशा:

- श्रीलंका: गॉल १६४०, कोलंबो १६५६, जाफना १६५८ मध्ये डचांकडे, १७९६ मध्ये सगळं इंग्रजांकडे.
- कोचीन: १६६३ ते १७९५.
- नागपट्टणम: १६५८ ते १७८१.
- चेन्नईजवळचं पुलिकत आणि बंगालमधलं चिनसुरा: मधे इंग्रजांच्या ताब्यात जाऊन परत आलं, शेवटी १८२४ च्या तहानंतर कायमचं गेलं.
- सुरत: १६१६ पासून वखार, मोठी डच थडगी अजून आहेत, पण तिथून निघालेली घराणी फार कमी.

तुमच्या वहीतला सगळ्यात जुना पक्का कागद या तारखांशी लावून बघा. घराणं १८५० मध्ये मद्रासला असेल तर कोचीन, नागपट्टणम, पुलिकत, श्रीलंका चारही शक्य आहेत, अशा वेळी आडनावापेक्षा कुठल्या गावाहून आले ही घरातली आठवण कामाला येते.

एक तपासणी जी कुणी करत नाही: तुमच्या घरात जो कुणी "डच" सांगितला जातो तो त्या गावात डच असताना तिथे होता का? कोचीनला १८२० मध्ये आलेला माणूस डच कंपनीचा असू शकत नाही, कंपनीच १७९९ च्या शेवटी बंद झाली.

टप्पा ४: इंग्रजी काळातून मागे सरका

हा कंटाळवाणा टप्पा आणि म्हणूनच लोक उडी मारून पुढे जातात. १७९५-९६ पासून तुमच्या आजोबा-पणजोबांपर्यंतची प्रत्येक पिढी इथे बसवायची आहे.

भारतातल्या घरांसाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या चर्च नोंदी आहेत, तीन गठ्ठ्यात: एन-१ बंगाल, एन-२ मद्रास, एन-३ मुंबई. कोचीन आणि कोरोमंडलचे लोक एन-२ मध्ये बघायचे. यातलं बरंच फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या साइटवर स्कॅनसकट आहे (पैसे लागतात), फॅमिलीसर्च या दुसऱ्या साइटवर मोफत इंडेक्स आहेत, आणि फिबिस नावाच्या संस्थेच्या साइटवर ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांच्या नोंदी फुकट शोधता येतात. पण या नोंदी म्हणजे चर्चने वर पाठवलेल्या नकला. मूळ वही त्या त्या चर्चमध्येच, आणि नक्कल करणाऱ्या कारकुनाने डच नावाचं काय करून ठेवलंय ते मूळ वही बघितल्यावरच कळतं.

श्रीलंकेच्या लोकांची इथे मोठी चूक होते. श्रीलंका १८०२ पासून थेट ब्रिटिश राजाची वसाहत होती, ईस्ट इंडिया कंपनीकडे नव्हती, त्यामुळे तिथले बाप्तिस्मे या एन गठ्ठ्यांत शोधून सापडायचे नाहीत. तिथल्यासाठी फॅमिलीसर्चवर कोलंबो जिल्ह्यातल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या वह्यांचे स्कॅन आहेत, अगदी सतराव्या शतकापासून विसाव्यापर्यंत. त्याचा इंडेक्स भरवशाचा समजू नका, पानं उलटत बसायची तयारी ठेवा.

दुसरा मोठा खजिना म्हणजे डच बर्गर युनियन या कोलंबोतल्या संस्थेचं जर्नल. संस्था १९०८ पासूनची, आणि जर्नलमध्ये शेकडो घराण्यांच्या वंशावळी छापल्यात. बरेच अंक स्कॅन होऊन ऑनलाइन आहेत. तुमचं आडनाव त्यात असेल तर पाच पिढ्यांचं काम वाचू शकतं.

सावधान: छापलंय म्हणून खरं असं नाही. त्या संस्थेत शिरायला बापाच्या बाजूने युरोपियन पूर्वज दाखवावा लागायचा, त्यामुळे वंशावळी पुरुषांच्या रेषेत लिहिल्यात आणि सिंहली, तमिळ, मलबारी आज्या-पणज्यांचा उल्लेख कधी नुसत्या नावाने उरकलाय तर कधी गायबच आहे. वंशावळ वाटाड्या म्हणून वापरा आणि प्रत्येक पायरीला चर्चची नोंद लावून बघा. दोन भावंडांच्या जन्मात पाच महिन्यांचं अंतर किंवा आई साठ वर्षांची असताना मूल, असलं काही दिसलं तर तिथे दोन माणसं एकत्र झालीत हे नक्की.

आणि ऑस्ट्रेलियातल्या चुलत-मावस भावंडांना लिहाच. १९४८ नंतर, विशेषतः १९५६ मध्ये सिंहली एकमेव राजभाषा झाल्यावर, बर्गर घरंच्या घरं तिकडे गेली आणि जाताना आपण युरोपियन वंशाचे आहोत हे दाखवायला कागद बरोबर घेऊन गेली. मूळ दाखला बऱ्याचदा मेलबर्नच्या एखाद्या कपाटात निघतो.

टप्पा ५: डच वही वाचणं

इथे आलात म्हणजे १७९५ च्या आत घुसलात. कोचीनसाठी फोर्ट कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चची डोप बुक, म्हणजे बाप्तिस्मा-लग्नाची वही, १७५१ ते १८०४ ची. कोचीनच्या डच सरकारी दप्तराचा मोठा भाग चेन्नईत एग्मोरला तमिळनाडू अर्काइव्हजमध्ये. जवळच्या डच दफनभूमीत १०४ थडगी आहेत, पण तिथे मुख्यतः बडे लोक, साध्या शिपायाला दगड कोण लावतो. श्रीलंकेसाठी कोलंबोच्या नॅशनल अर्काइव्हजमधले थोम्बो: शाळा थोम्बो म्हणजे गावातल्या ख्रिश्चनांची घरवार यादी बाप्तिस्मा-लग्नासकट, आणि जमीन थोम्बो म्हणजे आपला सातबारा म्हणा हवं तर. कोलंबोच्या व्होल्फेनडाल चर्चमधले दगडही बघण्यासारखे.

जायच्या आधी मेल करून विचारा, ओळखपत्र आणि कुठल्या सालाचं काय हवंय ते लिहून न्या. "माझे डच पूर्वज शोधायचेत" असं म्हटलं की काउंटरवरचा माणूस हात वर करतो, "१७७० ते १७८० बाप्तिस्मे" म्हटलं की उठतो.

बाप्तिस्म्याची नोंद साधारण अशी चालते: तारीख, मुलाचं नाव, बापाचं नाव आणि त्याचा हुद्दा, मग आईचं नाव तिच्या स्वतःच्या आडनावासकट, शेवटी साक्षीदार. काही शब्द पाठ करून जा. खेडोप्ट म्हणजे बाप्तिस्मा दिला, ट्राउ म्हणजे लग्न, बेग्रावन म्हणजे पुरलं, झोन मुलगा, डोख्टर मुलगी, वेडुवे विधवा (वहीत बऱ्याचदा नुसतं 'वेड'), योंगमान म्हणजे आधी लग्न न झालेला नवरा आणि योंगेडोख्टर तशीच नवरी, खेटाउगन साक्षीदार. ऑनेख्ट दिसलं तर मूल लग्नाबाहेरचं. मेस्तीस, कास्तीस हे मिश्र वंशाच्या लोकांना लावलेले शब्द, आणि तोपास म्हणजे पोर्तुगीज बोलणारे इथलेच ख्रिश्चन, त्यांना डच समजू नका.

तीन ठिकाणी लोक हटकून फसतात.

पहिलं, महिने. ७ आकडा आणि पुढे बारीक 'बेर' लिहिलेलं असेल तर तो जुलै नाही, सप्टेंबर. तसंच ८बेर ऑक्टोबर, ९बेर नोव्हेंबर, १०बेर डिसेंबर. सप्टेंबर हे नावच लॅटिनमधल्या सातवरून आलंय. याने दोन महिन्यांची चूक होते आणि मग बाप्तिस्मा लग्नाच्या आधी पडल्यासारखा दिसतो, लोक उगाच आजीला बदनाम करून मोकळे होतात.

दुसरं, बायकांची आडनावं. डच कागदात बाई लग्नानंतरही माहेरच्याच नावाने येते. नवऱ्याच्या आडनावाने शोधत बसलात तर ती सापडणारच नाही. एकदा हे लक्षात आलं की फायदाच आहे, आईकडची सगळी बाजू आपोआप उघडते. नुसतं पहिलं नाव असेल आणि आडनावाच्या जागी काहीच नसेल तर ती बहुतेक इथली, नव्याने बाप्तिस्मा घेतलेली किंवा गुलामीतून सुटलेली असू शकते. तिथे एखादं "शोभेल" असं आडनाव टाकू नका, रिकामी जागा रिकामीच लिहा.

तिसरं, साक्षीदारांकडे कुणी बघत नाही. आजी-आजोबा, मामा, मावश्या साक्षीदार असायच्या. त्यात नाव ठेवायची पद्धत साधारण अशी की पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या नावाचा. हा काही कायदा नव्हता, पण चार भावंडांची नावं आणि साक्षीदार शेजारी शेजारी मांडले की दोन सारख्या नावाच्या बापांमधला आपला कुठला ते बऱ्याचदा कळतं.

अक्षर लागत नसेल तर फोटो काढून ट्रान्सक्रिबससारख्या टूलमध्ये टाका, जुन्या डच हस्ताक्षरासाठी त्यात तयार मॉडेल आहेत. मशीन नावं चुकवतं, बाकीचं वाक्य ठीक काढतं.

टप्पा ६: आता जहाज

हेगच्या नॅशनल अर्काइफमध्ये कंपनीच्या जहाजांच्या पगारवह्या आहेत आणि त्यातल्या माणसांचा डेटाबेस ऑनलाइन, फुकट. मोफत आहे, पटकन उत्तर देतो, म्हणूनच सगळे इथून सुरू करतात. एका नोंदीत मिळतं ते असं: नाव, कुठला, कुठल्या जहाजावर, कधी निघाला, हुद्दा, कुठे उतरला, चाकरी कधी आणि कशी संपली.

तुमच्या हातात आता टप्पा ५ मधला माणूस आहे, त्याचं नाव, अंदाजे वय, गाव, हुद्दा. तो या यादीशी जुळवताना नाव सोडून निदान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. चाकरी कशी संपली तो रकाना सगळ्यात आधी वाचा. 'ओव्हरलेडन' म्हणजे मेला, आणि तारीख तुमच्या माणसाच्या लग्नाच्या आधीची असेल तर विषय संपला. 'खेरेपाट्रियेर्ट' म्हणजे मायदेशी परत गेला. पुढची मुलं इथे जन्मली असतील तर तो तुमचा नव्हे. कोलंबोत मेला, बटाव्हियात (आजच्या जकार्तात) मेला, केपला पळाला, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं, आणि लोक ते न वाचता नाव कॉपी करतात!

आणखी काही. गावाचं नाव कारकुनाने कानाने ऐकून लिहिलंय, त्यामुळे जर्मन गावांचं पार भजं झालेलं असतं. ॲमस्टरडॅम, झीलंड, डेल्फ्ट, रॉटरडॅम, होर्न, एंकहाउझन ही कंपनीच्या सहा शाखांची नावं, जहाज ॲमस्टरडॅम शाखेचं होतं म्हणजे माणूस ॲमस्टरडॅमचा असं नाही. तिकडे बायको असेल तर तिला पगारातला काही भाग दरवर्षी मिळायची सोय होती, ती नोंद असेल तर तुमच्या पूर्वजाचा एक संसार तिकडेही होता असं समजा.

यादीत न सापडणं हेही नेहमीचं. पगारवह्या मुख्यतः १७०० नंतरच्या टिकल्यात, त्यामुळे सतराव्या शतकात आलेला मूळपुरुष इथे मिळायचा नाही. आशियातच जन्मून कंपनीत लागलेले लोक जहाजाने आलेच नाहीत. आणि १७८०-९० च्या दशकात श्रीलंकेत स्विस द म्यूरॉन रेजिमेंट डचांच्या पगारावर होती, १७९५ मध्ये ती इंग्रजांकडे गेली, तिच्या शिपायांचा शोध इंग्रजी लष्करी दप्तरात घ्यावा लागतो.

बघून घ्या: यादीत तुमच्या माणसाच्या नावाचे दोन किंवा जास्त लोक बसत असतील आणि कुठला ते ठरत नसेल तर दोन्ही वहीत लिहा, पुढे प्रश्नचिन्ह टाका आणि थांबा.

टप्पा ७: डीएनए, आणि तो शेवटीच का

आठ पिढ्या मागे तुमचे २५६ पूर्वज होतात. त्यातल्या एका डच माणसाचा वाटा सरासरी ०.४ टक्के पडतो, आणि तो शून्यही असू शकतो. शिवाय रिपोर्टमधलं "उत्तर-पश्चिम युरोप" म्हणजे डच, जर्मन, इंग्रज कुणीही, आणि अँग्लो-इंडियन घरात इंग्रज पूर्वज असण्याची शक्यता कितीतरी जास्त. टक्केवारी बघू नका, मॅच झालेल्या लोकांची यादी बघा. तुमच्या वहीतलंच आडनाव आणि गाव असलेला दूरचा नातेवाईक तिथे भेटला तर त्याच्याकडचे कागद मागा. बापाकडून मुलाकडे जाणारी वाय चाचणी मात्र आडनावासारखीच पुरुषांच्या रेषेत चालते, त्यामुळे त्याच आडनावाच्या दोन घरांतल्या पुरुषांनी केली तर ती दोन घरं एक आहेत का हे कळू शकतं.

टप्पा ८: लिहून ठेवणं

प्रत्येक पिढीपुढे तीनपैकी एक शेरा मारा: कागद पाहिला, छापील वंशावळीत आहे, घरात सांगतात. ऑनलाइन ट्रीवर टाकताना पहिल्या शेऱ्याचेच लोक टाका, कारण एकदा चुकीचा खलाशी ट्रीवर चढला की वीस जण तो कॉपी करतात आणि मग तो काढता येत नाही. हयात माणसांची नावं-तारखा पब्लिक ठेवू नका.

हे सगळं करून डच पासपोर्ट मिळेल का असं खूप जण विचारतात. नाही. तिकडचं नागरिकत्व मुलाला आई किंवा बाप स्वतः डच नागरिक असेल तर मिळतं, अठराव्या शतकातल्या शिपायावरून नाही. भारतात मात्र राज्यघटनेच्या कलम ३६६(२) मधली अँग्लो-इंडियनची व्याख्या पुरुषांच्या रेषेतला "युरोपियन" पूर्वज एवढंच म्हणते, इंग्रजच पाहिजे असं नाही, त्यामुळे कोचीनच्या डच वंशाच्या घरांना त्यात जागा आहे. समाजाच्या असोसिएशनने कागद मागितले तर टप्पा ४ आणि ५ मधल्या दाखल्यांच्या सही-शिक्क्याच्या नकला लागतील, स्क्रीनशॉट चालत नाहीत, म्हणून अर्काइव्हजमध्ये गेलात की सर्टिफाइड कॉपीचा अर्ज त्याच दिवशी भरून या.